दोन चुलींची तपासणी

विजयनं सायकल नीट लावलीसुद्धा नाही. बराकीच्या भिंतीवर ती तशीच आपटली आणि तो दारातूनच ओरडला, "लागलं! वहिनी, दोघांचंही लागलं! दादाचंही आणि माझंही!"

लीलावती पोळ्या लाटत होती. लाटणं हातात घेऊनच उभी राहिली.

"काय लागलं रे? बरा आहेस ना?"

"क्वार्टर लागलं! पक्कं, विटांचं! यादी लागली कचेरीत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं अंगण, अंगणात नळ. स्वयंपाकघराला धुराडं आहे वहिनी, धुराडं! मी स्वतः उभा राहून बांधून घेतलंय."

बांधून घेतलंय हे खरंच होतं. विजय बांधकाम खात्यात ओव्हरसियर. वर्षभर तो दुसऱ्यांची घरं उभी करत होता आणि संध्याकाळी जहांगीराबादच्या या बराकीत परत येत होता. लष्कराची जुनी बराक. मधे गोणपाटाचे पडदे टांगले, की झाल्या खोल्या. छप्पन साली राज्यांच्या सीमा बदलल्या, नागपूरचं सचिवालय उचलून भोपाळात आलं, त्याच्या मागं या हरकरे कुटुंबाचं बिऱ्हाडही आलं. 'थोडे दिवस काढा' असं तेव्हा सांगितलं होतं. त्या थोड्या दिवसांना आता तेरा महिने होत आले होते, आणि पलीकडच्या पडद्यामागं कोण घोरतं, कोण खोकतं, हे हरकऱ्यांना तोंडपाठ झालं होतं.

"अय्या!" रत्नप्रभा नाचायलाच लागली. विजयच्या दादाची, म्हणजे गोपीनाथ-लीलावतीची ही मुलगी सतरा वर्षांची होती आणि भोपाळच्या कॉलेजात गेल्यापासून निम्मं बोलणं हिंदीतच करायची. "काका, सच? मला माझी खिडकी मिळणार?"

"दोन मिळतील. एक दादाकडे, एक माझ्याकडे. वाटेल तिथं बस."

आणि सुमित्रा? विजयची बायको कोपऱ्यात कोथिंबीर निवडत बसली होती. निवडलेली कोथिंबीर ती कचऱ्यात आणि देठं ताटलीत टाकत होती, ते फक्त मनोरमाअक्कांनी पाहिलं. अक्का म्हणजे गोपीनाथ-विजयची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, तोंडानं फटकळ. सगळ्यांचं सगळं त्यांना दिसायचं, आणि दिसलेलं त्या बोलून टाकायच्या. आज मात्र गप्प बसल्या.

"जवळजवळ आहेत ना रे?" लीलावतीनं विचारलं.

विजयचा आवाज जरा उतरला. "तसं... दादाचं इकडच्या टेकडीवर आहे. माझं हबीबगंजच्या रस्त्याला. मधे दीडेक मैल असेल."

लीलावती खाली बसली आणि पोळी लाटायला लागली.

*

तासाभरानं गोपीनाथ आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. हातात लिफाफा. कोट न काढताच तो खाटेवर बसला.

"उद्या अकराला तपासणीस येतोय," तो म्हणाला. "माझीच चूक झाली."

चूकही अशी, की ती गोपीनाथ हरकऱ्यांनीच करावी. सव्वीस वर्षं सचिवालयात मसुदे लिहिलेला माणूस. विजयचं अक्षर गचाळ म्हणून दोन्ही भावांचे अर्ज त्यानंच भरले होते, टाकाला नवं निब लावून. रकाना सातवा होता: 'कुटुंबाचा स्वयंपाक कोण करते?' गोपीनाथनं स्वतःच्या अर्जात लिहिलं, सौ. लीलावती. आणि विजयच्या अर्जातही लिहिलं, सौ. लीलावती. वळणदार अक्षरात, खाली रेघ मारून.

"दादा!" विजयनं डोक्याला हात लावला.

"मग काय लिहायचं होतं? करतेच ना ही? खरं तेच लिहिलं मी."

"अहो, पण नियम काय आहे?" लीलावतीनं विचारलं.

"एका चुलीला एक क्वार्टर. एकत्र जेवणारं ते एक कुटुंब. उद्या इथं एकच चूल दिसली तर थोरल्याच्या नावावर एक घर मिळेल. विजयचं नाव यादीतून खाली जाईल, अगदी तळाला."

"म्हणजे कधी?"

"दोन वर्षं. तीनही लागतील. तोवर सगळे माझ्या दोन खोल्यांत."

मग रत्नप्रभा टाळी वाजवून म्हणाली, "तो क्या हुआ? उद्या अकरापर्यंत दोन चुली करू!"

आणि काय सांगू, त्या बराकीत एकदम लग्नघराची धांदल सुरू झाली. विजय माती आणायला धावला. अक्कांनी भांडी दोन ढिगांत लावायला घेतली. सगळ्यांत पुढं कोण, तर लीलावती. वेगळं व्हायचं नाटक करायचं ना, मग ते चांगलंच व्हायला हवं, असा तिचा खाक्या.

"हे पातेलं सुमित्राकडं. हा तवा पण. अगं, तिखटामिठाचा डबा दोघींचा वेगळा नको का? तपासणीस काय आंधळा असतो? विजू, विटा तिरक्या नको लावू. सुमित्रा, चुलीचं तोंड इकडं कर."

सुमित्राचे हात कोपरापर्यंत चिखलात. तिला लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, आणि या घरात ती आजवर भाजी चिरत, तांदूळ निवडत, ताटं घेत आली होती. चुलीपुढं बसायची जागा वहिनींची. त्याबद्दल तक्रार करावी असं तिला कधी सुचलंही नव्हतं, वहिनी इतक्या मायेनं वाढायच्या. पण आज माती थापता थापता, हे नाटक आहे, नाटक आहे, असं ती स्वतःला बजावत होती, आणि हात मात्र चुलीच्या कडा पुन्हा पुन्हा गुळगुळीत करत होते.

"मला तोंड दाराकडं हवंय वहिनी," ती म्हणाली. "उजेड येतो."

"दाराकडं? वाऱ्यानं जाळ उडेल."

"उडू दे की. मला दार दिसायला हवं."

लीलावतीनं तिच्याकडं पाहिलं. "बरं बाई. नाटकातली चूल तुझी."

*

दिवेलागणीला रंगीत तालीम झाली. रत्नप्रभानं वडलांचा कोट चढवला, डोळ्यांवर अक्कांचा चष्मा लावला आणि पडदा सारून आत आली.

"बाईजी, आप लोग अलग कब हुए?"

"दिवाली के बाद," लीलावतीनं झटक्यात सांगितलं.

"क्यों?"

"झगडा हुआ."

"कोणत्या गोष्टीवरून? अरे बापरे, आई, ते ठरवलंच नाही आपण!"

सगळे हसले. आणि खरंच, कुणाला काही सुचेना. तीन वर्षांत त्या दोघींमध्ये भांडणासारखं काही घडलंच नव्हतं. विजय म्हणाला दागिन्यांवरून म्हणा, अक्का म्हणाल्या दागिने आहेत कुठं. गोपीनाथ पलीकडून ओरडला, "हे खोटंनाटं मला जमणार नाही. मी त्या वेळी पानवाल्याकडं जाऊन उभा राहीन!"

"सुमित्रा, तू बोल गं," लीलावती हसत म्हणाली. "धाकटी जाऊ आहेस, काहीतरी खुपत असेलच की. घाल शिव्या. लाजू नको."

"घालू?"

"घाल!"

सुमित्रानं पदर खोचला, कमरेवर हात ठेवले. हसूनच बोलली ती, सगळे साक्षीला आहेत. "तीन वर्षं झाली माझ्या लग्नाला! माझ्या नवऱ्याला काय आवडतं ते तुम्हाला माहीत, मला माहीत नाही! आमटीत गूळ किती घालायचा ते तुम्ही ठरवणार, मी कधी जेवायचं ते तुम्ही ठरवणार! माझी आई पत्रात विचारते, नवीन काय करायला शिकलीस, तर मी काय लिहू? कोथिंबीर निवडायला शिकले?"

रत्नप्रभा हसत हसत थांबली. विजय खाली बघायला लागला. आणि स्वतः सुमित्राचा हात तोंडावर गेला.

"छान केलंस," लीलावती म्हणाली. "अगदी खऱ्यासारखं."

ती उठली, चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "उद्या तपासणीस आला की मी त्याला खरं काय ते सांगणार आहे. आमची एकच चूल आहे म्हणून. ही नाटकं नकोत."

"वहिनी?" विजय दचकला.

"एक घर तर एक घर. दोन खोल्यांत काय मेलो का आपण? इथं तर एवढीही जागा नाही."

पडद्यापलीकडून गोपीनाथ आला. त्याच्या मनावरचं ओझंच उतरलं होतं. "मी म्हणत होतोच. खरं सांगितलेलं बरं."

"बाबा, असं कसं?" रत्नप्रभानं कोट काढून फेकला. "काका ने खुद बनाया है वो घर! काकूनं काय केलंय कुणाचं? मी काकूच्या बाजूनं आहे, सांगून ठेवते."

"तू गप्प बस," गोपीनाथ म्हणाला. "विजू, तू बोल."

विजय बोलला, पण सुमित्राकडं न बघता. चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, आणि त्याच वर्षी सतरा वर्षांची लीलावती या घरात सून म्हणून आली. त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं ते तिनं. तिच्यापुढं त्याची जीभ कधी उचललीच नव्हती.

"वहिनी म्हणतील तसं," तो म्हणाला.

सुमित्रा उठली आणि नव्या चुलीशेजारी जाऊन बसली. ती रडली नाही. तिला राग आला होता, आणि राग कुणाचा धरावा हे कळत नव्हतं. त्या रात्री पहिल्यांदा ती पानावरून अर्धपोटी उठली.

*

सकाळी अक्का लीलावतीजवळ येऊन बसल्या. लीलावती तांदूळ धूत होती, गरजेपेक्षा जोरात.

"चुलीपुढं मी कधी नको म्हटलं होतं तिला?" ती एकदम म्हणाली. "एकदा बोलली असती तर दिली असती की जागा!"

"दिली असतीस आणि शेजारी बसून सांगितलं असतंस, जाळ कमी कर."

लीलावतीला हसू आलं, पण ते तिनं गिळलं.

"माझी आई आणि काकू," अक्का म्हणाल्या, "वीस वर्षं एका चुलीवर होत्या. तू यायच्या आधीची गोष्ट. काय सुरेख चाललं होतं! सगळी आळी नावाजायची. आणि इतकं सुरेख चाललेलं मोडायचं कशाला म्हणून कुणी मोडलं नाही. आतल्या आत आंबत गेलं सगळं. मग एका संक्रांतीला लाडू कुणी कमी केले यावरून जी जुंपली, ती चूल फोडूनच थांबली. आई गेली त्या दिवशी काकू समोरच्याच घरात होती. लीला, ती उंबरा ओलांडून आली नाही."

"आमचं तसं होणार नाही."

"का नाही? तुम्ही काय सोन्याच्या? सुमित्रा काल जे बोलली ते हसत बोलली. दोन वर्षांनी त्याच दोन खोल्यांत तेच बोलेल, तेव्हा हसत नाही बोलणार. गोड आहे तोवर उठावं पानावरून. नको नको म्हणेस्तोवर बसू नये."

लीलावतीचे हात पाण्यातच राहिले. मग तिच्या तोंडून निघालं, आणि निघाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. "अक्का, मला भीती वाटते. विजू जेवायला नसला की माझा भात बिघडतो. पहाटे उठून मी करायचं काय? तुमच्या भावाला काय, दोन पोळ्या नि ताक!"

"भीती मला सांगतेस ते बरंय. तिला सांगितली असतीस तर आणखी बरं झालं असतं," अक्का म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आता तो माणूस येईल. काय सांगायचं ते तू ठरव. मी तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही."

*

तपासणीस इनायत अली साहेब बरोबर अकराला आले. भोपाळचेच, नबाबांच्या कचेरीत जन्म घालवलेले. काळी शेरवानी, पांढरी दाढी, काखेत फायली. दारात उभं राहून त्यांनी "आदाब" केलं आणि आत यायची परवानगी मागितली. अशी परवानगी त्या बराकीत तेरा महिन्यांत कुणी मागितली नव्हती, त्यामुळं 'या' म्हणायचं सगळे विसरूनच गेले.

गोपीनाथ पानवाल्याकडं गेला नव्हता. तो कोट घालून ताठ उभा होता, आणि त्याचा चेहराच एखाद्या कबुलीजबाबासारखा दिसत होता. विजय भिंतीला टेकला होता. सुमित्रा आपल्या चुलीमागं, मान खाली. रत्नप्रभानं तिचा हात घट्ट धरला होता.

इनायत साहेबांनी दोन्ही अर्ज काढले आणि सातव्या रकान्यावर बोट ठेवलं. आधी लीलावतीची चूल पाहिली. काजळलेली, आत जाळ. मग सुमित्राच्या चुलीपाशी वाकले आणि कडेवर नुसतं बोट टेकवलं. बोट आत रुतलं.

"बीबी," ते हळूच म्हणाले, "ये चूल्हा तो अभी रो रहा है."

विजयनं डोळे मिटले. झालं, संपलं सगळं.

"बड़ी बहू आप हैं?" साहेब लीलावतीकडं वळले. "आप बताइए. आप जो कहेंगी, मैं वही लिखूँगा. चूल्हा एक है या दो?"

गोपीनाथनं घसा साफ केला. लीलावतीनं त्याला हातानंच थांबवलं.

"कल तक एक था, साहब," ती म्हणाली. तिचं हिंदी जेमतेम, पण आवाज खणखणीत. "फॉर्म में जो लिखा, वो सच था. मैं ही सबका पकाती थी."

सुमित्रानं मान आणखी खाली घातली.

"और आज?"

"आज से दो."

"आज से?"

"हां. आज, अभी से. चूल गीली है, तो आज सिगडी पे पकाएगी. रुकिए, आपके सामने."

आणि बघता बघता तिनं शेगडी ओढली, चिमटा घेतला आणि स्वतःच्या चुलीतले निखारे उचलून शेगडीत टाकायला लागली. एक, दोन, चार. चांगले लाल, मोठे तेवढे निवडून. तिच्या चुलीत राखच जास्त उरली. शेगडी तिनं सुमित्रापुढं नेऊन ठेवली, तोंड दाराकडं करून.

"फुंक," ती म्हणाली.

सुमित्रा बघतच राहिली.

"अगं फुंक ना! साहेब थांबलेत!"

सुमित्रानं फुंकलं. धूर आला, डोळ्यांत गेला, आणि मग भप्पदिशी निखारे फुलले. रत्नप्रभा "वा!" म्हणून ओरडली आणि तिनं लगेच तोंडावर हात घेतला.

इनायत साहेब तोवर काही लिहीत नव्हते. त्यांनी लेखणी काढली आणि विजयच्या अर्जातलं लीलावतीचं नाव सरळ रेघेनं खोडलं. त्या जागी काय लिहायचं म्हणून विचारलं. विजयनं सांगितलं, "सुमित्रा. सुमित्रा विजय हरकरे."

"रकाना सातवा," गोपीनाथ पुटपुटला. "दुरुस्तीवर तारीख घालून सही करायला हवी."

"कर दी, जनाब," साहेब म्हणाले. फाइल बांधता बांधता ते थबकले. "एक बात पूछूँ? ये सरकारी नहीं है. उम्र भर यही काम किया है, घरों के बँटवारे देखे हैं. हर जगह कोई रोता है, कोई गाली देता है. आप लोगों का झगड़ा किस बात पे हुआ?"

"झगडा नहीं हुआ, साहब," लीलावती म्हणाली. "इसलिए."

साहेबांनी वाकून, अगदी खाली वाकून आदाब केलं आणि निघून गेले.

ते पडद्यापलीकडं जातात न जातात तोच विजयनं आरोळी ठोकली. रत्नप्रभानं अक्कांना धरून गरकन फिरवलं, अक्का "अगं मेले, माझे गुडघे!" म्हणून ओरडायला लागल्या, शेजारच्या पडद्यांतून चार डोकी बाहेर आली, काय झालं, काय झालं! गोपीनाथ सगळ्यांना सांगत सुटला, की पत्नीनं शब्दशः खरं निवेदन केलं, एका अक्षराचंही खोटं नाही.

सुमित्रा मात्र शेगडीपुढंच बसून राहिली होती आणि आता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"रडतेस काय?" लीलावती तिच्याशेजारी बसली. तिचेही डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. "धूर गेला का डोळ्यांत?"

"वहिनी, काल मी बोलले ते—"

"बरं केलंस बोललीस. मला राग आला होता, खूप आला होता. आता नाहीये." तिनं सुमित्राच्या गालावरची राख पदरानं पुसली. "आता मला जेवायला बोलवावं लागेल तुला, कळलं का? उगाच माझी मी येणार नाही. बोलावलंस तरच येईन. पाहुणी म्हणून."

"आज या ना. आत्ता! मी लगेच भात टाकते."

लीलावतीचा हात पातेल्याकडं गेलाच होता. तो तिनं मागं घेतला, पदरात गुंडाळला.

"आज नको," ती म्हणाली. "आज तुमचं तुम्ही दोघं जेवा. मला उद्या बोलव."